आयपीव्ही६ चा वापर वाढवायचाय? मग आधी 'पत्ते संपले' म्हणणं थांबवा

दुपदरी (धागाकर्ता)

आयपीव्ही६ चा, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना लांब पत्ते देणाऱ्या नव्या पद्धतीचा, विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: जुने (आयपीव्ही४ चे) पत्ते संपले. संपलेत हे खरंच. ३२ बिटांत साधारण ४२९ कोटी पत्ते बसतात. जगभरचा पत्त्यांचा साठा सांभाळणाऱ्या आयानाने शेवटचे पाच /८ गट (रेघेपुढचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट ठरलेले; आकडा लहान तितका गट मोठा) ३ फेब्रुवारी २०११ लाच वाटून टाकले, मग एकेका विभागीय नोंदणी संस्थेची कोठी रिकामी होत गेली, आणि २५ नोव्हेंबर २०१९ ला युरोपकडच्या राइप एनसीसीनेही हात वर केले. पण हे ऐकून कोणी राउटरचं सेटिंग बदलत नाही. ज्याच्याकडे पत्ता आहे त्याचं काहीच अडत नाही. चटका बसतो नव्याने येणाऱ्याला, आणि बदल करायचा असतो जुन्याने. घोडं पेंड खातंय ते इथेच.

म्हणून या धाग्यात प्रचार नको. घर, सर्व्हर, सॉफ्टवेअर, ऑफिसचं नेटवर्क, यातलं ज्याच्या हातात जे आहे तिथे नेमकं काय करायचं आणि कुठे फसतं, एवढंच लिहू या. सुरुवात घरापासून करतो.

आधी टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम उघडा. दहापैकी दहा गुण आले तर घरचं काम झालेलं आहे. शून्य आले तर राउटरच्या पानावर वॅन (इंटरनेटकडची) बाजू पाहा. बऱ्याच राउटरांत आयपीव्ही६ चा रकाना 'बंद' वर असतो. तिथे 'नेटिव्ह' किंवा 'डीएचसीपीव्ही६' निवडा. जोडणी पीपीपीओईची (यूजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारी) असेल तर आयपीव्ही६ त्याच सत्रावरून घ्यायचं, वेगळं खातं लागत नाही. त्याखाली 'प्रीफिक्स डेलिगेशन' किंवा नुसतं 'पीडी' अशी खूण असते, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठी सेवादात्याकडून पत्त्यांचा गट (प्रीफिक्स) मागणं; ती हवीच. लांबी विचारली तर ५६ भरा. लॅन (घरातल्या) बाजूला राउटर ॲडव्हर्टाइजमेंट, म्हणजे राउटरने यंत्रांना आपली ओळख आणि प्रीफिक्स सांगणं, चालू ठेवा.

सगळ्यात नेहमीची गफलत: राउटरला स्वतःला २ किंवा ३ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, राउटरवरून पिंगही जातं, पण घरातल्या फोन-लॅपटॉपकडे एफई८० ने सुरू होणारा पत्ता सोडून काही नसतं. म्हणजे वॅनचा पत्ता आला, पण पीडी मागितलीच नाही. एफई८० वाला पत्ता त्या तारेपुरता किंवा त्या वायफायपुरता असतो, त्याने बाहेर जाता येत नाही. तो दिसला म्हणून 'आयपीव्ही६ चालू आहे' समजू नका.

आणि एका लॅनला एक /६४ लागतोच. पत्ता आपोआप बनवण्याची स्लॅकची पद्धत त्याहून लहान तुकड्यावर चालत नाही. सेवादात्याने एकच /६४ दिला तर पाहुण्यांचं वायफाय वेगळं करताना अडता. /५६ मध्ये असे २५६ तुकडे येतात, /४८ मध्ये ६५,५३६. राइप-६९० या दस्तऐवजात घरगुती ग्राहकाला /५६ किंवा /४८ द्या, आणि शक्यतो कायमचा द्या, असं स्पष्ट लिहिलंय. भांडायचं झालं तर त्याचा आधार घ्या.


चारच_बरा

विरोधी बाजू कोणीतरी मांडायला हवी. नॅट (एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रं चालवणं) चालतंय, फोन चालतोय, व्हिडिओ दिसतोय. आयपीव्ही६ चालू केलं की फायरवॉलचे नियम दोनदा, देखरेख दोनदा, बिघाड शोधणंही दोनदा. वर नॅटमागे यंत्रं झाकलेली असतात, ती आता सगळ्या जगाला दिसणार. हे सगळं कशासाठी? मानक १९९८ पासून पडून आहे म्हणून?


हेक्सकाका

चारच_बरा, दुप्पट कामाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. दोन्ही शेजारी-शेजारी चालवणं हा मुक्काम नाही, वाटेतली धर्मशाळा आहे. जायचंय ते फक्त आयपीव्ही६ च्या नेटवर्कवर, आणि जुन्या जगाशी बोलायला कडेला एक दुभाषी. अनेक मोबाइल नेटवर्कांनी हे कधीच केलंय. तिथे फोनला आयपीव्ही४ पत्ताच मिळत नाही. डीएनएस६४ (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) जुन्या साइटचा पत्ता ६४:एफएफ९बी::/९६ या गटात गुंडाळून देतो आणि नॅट६४ तो पलीकडे उलगडतो. एखादं हट्टी ॲप थेट आयपीव्ही४ मागत असेल, तर फोनमधलाच क्लॅट नावाचा छोटा दुभाषी त्याची समजूत काढतो. या जोडणीला ४६४एक्सलॅट म्हणतात, २०१३ चा आरएफसी ६८७७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज).

आता 'नॅट चालतंय' बद्दल. तुमच्या राउटरचा वॅन पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तुम्ही सेवादात्याच्या मोठ्या नॅटमागे आहात. तो /१० गट २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने त्याच कामाला काढून ठेवला. हिशोब बघा. एका सार्वजनिक पत्त्यावर वापरण्याजोगे पोर्ट (जोडण्या वेगळ्या ओळखायचे क्रमांक) ६४ हजारांच्या आसपास. प्रत्येक ग्राहकाला हजार-हजाराचा गठ्ठा दिला तर एका पत्त्यावर साठ-पासष्ट घरं. त्यातल्या एकाने कुठे धुडगूस घातला की बंदी साऱ्यांवर, आणि 'तुम्ही यंत्रमानव नाही ना' ची चित्रं ओळखत बसायचं सगळ्यांनी. घरचा कॅमेरा किंवा छोटा सर्व्हर बाहेरून गाठायचा तर पोर्ट फॉरवर्ड करायला जागाच नाही, कारण ते दार तुमच्या ताब्यात नाही.

राहिला 'झाकलेली यंत्रं' हा मुद्दा. झाकतं ते नॅट नव्हे. आतून सुरू न झालेली जोडणी नाकारणारा फायरवॉल झाकतो, आणि तो आयपीव्ही६ वरही तसाच चालतो. मात्र एक खात्री करून घ्या: राउटरमध्ये 'आयपीव्ही६ फायरवॉल' ही वेगळी खूण असेल तर ती चालू आहे ना. काही स्वस्त राउटरांत ती बंद असते, आणि तुमची भीती अगदी तिथे खरी ठरते.

मानक पडून आहे हे मात्र खरं नाही. २०१७ मध्ये आरएफसी ८२०० ने ते पूर्ण दर्जाचं मानक झालं. चेक सरकारने तर ६ जून २०३२ पासून सरकारी सेवा आयपीव्ही४ वर देणं बंद करायचं ठरवलंय. अमेरिकी संघीय सरकारच्या २०२० च्या परिपत्रकातही उद्दिष्ट होतं ते 'फक्त आयपीव्ही६' चं, 'दोन्ही चालेल' चं नव्हे.


पाकीटमार

फायरवॉलचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात महागात पडणारी चूक सांगतो: आयसीएमपी, म्हणजे यंत्रं आणि राउटर आपसात पाठवतात ते निरोप, सरसकट बंद करणं. आयपीव्ही४ मध्ये ही सवय कशीबशी खपून जायची. आयपीव्ही६ मध्ये नेटवर्कच बसतं.

दोन कारणं. एक, एआरपीचं (लॅनवर पत्त्यावरून यंत्र शोधण्याचं) काम इथे आयसीएमपीव्ही६ च करतं. प्रकार १३३ ते १३६ म्हणजे राउटर शोधणं, राउटरने ओळख देणं, शेजारी शोधणं, शेजाऱ्याने उत्तर देणं. लॅनमध्ये हे अडवले की यंत्रं एकमेकांना सापडत नाहीत. दोन, वाटेतला राउटर पाकिटाचे (डेटाच्या गठ्ठ्याचे) तुकडे करत नाही. पाकीट मोठं झालं तर ते टाकून देतो आणि 'पाकीट फार मोठं' हा प्रकार २ चा निरोप पाठवणाऱ्याला परत धाडतो. तो निरोप तुमच्या फायरवॉलने गिळला, की पाठवणारा तेच मोठं पाकीट पुन:पुन्हा पाठवत बसतो. लक्षण फसवं असतं: जोडणी होते, छोटी पानं उघडतात, मोठं पान किंवा फाइल मध्येच लटकते.

बाहेरून येणाऱ्यांत किमान प्रकार १, २, ३ आणि ४ सोडा. सविस्तर यादी आरएफसी ४८९० मध्ये आहे. पिंगचे १२८ आणि १२९ सुद्धा सोडाच. ६४ बिटांचा होस्ट भाग पिंग मारून चाळून काढणं कोणालाही शक्य नाही.


रूटखाते

सर्व्हरवाल्यांसाठी. बहुतेक जण क्रम उलटा धरतात: आधी डीएनएसमध्ये क्वाड-ए (नावाचा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी) नोंद टाकतात, मग बाकीचं बघू म्हणतात. क्वाड-ए सगळ्यात शेवटी.

क्रम असा. यंत्राला पत्ता आणि डीफॉल्ट मार्ग द्या, बाहेर पिंग जातंय का पाहा. फायरवॉलमध्ये वेबचे पोर्ट ८० आणि ४४३ आयपीव्ही६ साठी वेगळे उघडा. लिनक्सच्या आयपीटेबल्स फायरवॉलचे नियम आयपीव्ही६ ला लागत नाहीत, त्याला आयपी६टेबल्स लागतं. एनएफटेबल्समध्ये 'आयनेट' तक्ता घेतला तर दोन्ही एकत्र लिहिता येतात. मग वेब सर्व्हरला ऐकायला सांगा. एन्जिनएक्सच्या लिसन ओळीत नुसतं ४४३ लिहिलं तर तो आयपीव्ही४ वरच ऐकतो. दुसरी ओळ [::]:४४३ ची हवी, आणि ती प्रत्येक सर्व्हर ब्लॉकमध्ये. एका ब्लॉकमध्ये विसरलात तर आयपीव्ही६ वरून येणाऱ्याला भलत्याच साइटचं प्रमाणपत्र दिसतं.

डीएनएसला हात न लावता कर्ल या कमांडच्या 'रिझॉल्व्ह' पर्यायात पत्ता स्वतः देऊन बाहेरच्या यंत्रावरून तपासा. जमलं की क्वाड-ए टाका, पहिल्या दिवशी टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंद ठेवा म्हणजे मागे फिरायला पाच मिनिटं पुरतात. नंतर वाढवा.

ज्याकडे कोणी बघत नाही ती गोष्ट देखरेखीची. ब्राउझर हॅपी आयबॉल्स वापरतात: आयपीव्ही६ वर जोडणी सुरू केली आणि साधारण २५० मिलीसेकंदांत जमली नाही, तर आयपीव्ही४ वरही प्रयत्न सुरू, जो आधी पोचेल तो खरा. ग्राहकाच्या दृष्टीने झकास. पण याचाच अर्थ असा की तुमचं आयपीव्ही६ मेलं तरी कोणी तक्रार करणार नाही. पान किंचित उशिरा उघडेल, बस्स. तक्रार येईल ती स्क्रिप्टवाल्यांची, कारण साधी स्क्रिप्ट पहिला पत्ता धरून मुदत संपेपर्यंत ताटकळते. म्हणून देखरेखीत एकाच नावाच्या दोन तपासण्या लावा, एक सक्तीने ४ वर, एक सक्तीने ६ वर, आणि सहावाल्या धोक्याच्या सूचनेला तीच तातडी द्या. हे जमणार नसेल तर क्वाड-ए टाकूच नका. मोडकं आयपीव्ही६ नसलेल्यापेक्षा वाईट.

मेल सर्व्हर मुद्दाम मागे ठेवा. उलट डीएनएस नोंद (पत्त्यावरून नाव), एसपीएफमध्ये (तुमचा मेल कोणत्या पत्त्यांवरून येतो त्या यादीत) आयपीव्ही६ गट आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), तिन्ही जुळल्याशिवाय त्या पत्त्यावरून मेल पाठवलात तर मोठे मेलवाले परत पाठवतात.

बंदी घालतानाही एकट्या पत्त्यावर घालू नका. समोरच्याकडे अख्खा /६४ आहे, तो दर सेकंदाला पत्ता बदलेल. मोजणी आणि बंदी /६४ धरून करा.


सॉकेटवाली

रूटखाते यांना +१, विशेषतः मोडक्या क्वाड-ए वर.

सॉफ्टवेअरमध्ये अडचण नेटवर्कच्या कोडपेक्षा आजूबाजूच्या किरकोळ कोडमध्ये जास्त असते. डेटाबेसमध्ये पत्त्याचा रकाना १५ अक्षरांचा. पूर्ण आयपीव्ही६ पत्ता ३९ अक्षरांचा होतो, आणि आत आयपीव्ही४ बसवलेला असेल तर ४५. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सरळ 'आयनेट' प्रकार वापरा. दुसरं, 'पत्ता:पोर्ट' पहिल्या विसर्गचिन्हावर (:) तोडणारा कोड. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यातच ती चिन्हं असतात, म्हणून यूआरएलमध्ये पत्ता चौकोनी कंसात लिहितात. तिसरं, पत्त्यांची तुलना अक्षरांनी करणं. २००१:डीबी८:०:०:०:०:०:१ आणि २००१:डीबी८::१ हा एकच पत्ता आहे. साठवण्याआधी आरएफसी ५९५२ च्या रूपात आणा, नाहीतर परवानगी-यादीत असलेलाच माणूस बाहेर उभा राहतो.

सी मध्ये गेटहोस्टबायनेम दिसलं की काढा, गेटॲड्रइन्फो घाला, आणि त्याने दिलेली सगळी यादी फिरा. पहिलाच पत्ता घेऊन हार मानू नका.

'माझ्या यंत्रावर चालत नाही' ची एक नेहमीची जात: सेवा १२७.०.०.१ वर ऐकतेय आणि ग्राहक 'लोकलहोस्ट' म्हणतोय. लोकलहोस्टचं उत्तर आधी ::१ (स्वतःच्याच यंत्राचा आयपीव्ही६ पत्ता) येतं, तिथे कोणीच नाही, म्हणून जोडणी नाकारली. नोड.जेएस १७ पासून पत्ते डीएनएसने दिलेल्या क्रमानेच वापरायला लागल्यावर हे पुष्कळांना दिसलं. दोष आयपीव्ही६ ला देऊन ते बंद करू नका, सेवेला दोन्हीकडे ऐकवा.

आणि चाचणी दोन्ही असलेल्या नेटवर्कवर करून काही कळत नाही, सगळं गुपचूप ४ वरून जातं. फक्त ६ आणि नॅट६४ असलेलं वायफाय हवं. मॅकमध्ये ते फुकट आहे: इंटरनेट शेअरिंगमध्ये ऑप्शन की दाबून गेलात की नॅट६४ नेटवर्कची खूण दिसते. ॲपल १ जून २०१६ पासून ॲप स्टोअरवर येणाऱ्या ॲपला अशा नेटवर्कवर चालण्याची अट घालतंय. मला विचाराल तर या एका अटीने जेवढं काम झालं तेवढं शंभर भाषणांनी झालं नसतं.


शेवटचा_आठ

ऑफिसचं नेटवर्क बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्रीफिक्स वाटताना चार बिटांच्या सीमेवर तोडा, म्हणजे ४८, ५२, ५६, ६०, ६४. हेक्सचा एक अंक म्हणजे एक मजला किंवा एक विभाग, पत्ता वाचताच जागा कळते. पत्ते वाचवायला /७०, /११० असले तुकडे करू नका, ती काटकसर आयपीव्ही४ ची आहे.

फक्त डीएचसीपीव्ही६ वरून पत्ते द्यायचं ठरवलंत तर अँड्रॉइड फोन उपाशी राहतात, ते त्यावरून सुटा पत्ता घेत नाहीत. स्लॅक चालू ठेवा आणि डीएनएसचा पत्ता राउटर ॲडव्हर्टाइजमेंटमधूनच द्या.

स्विचवर आरए गार्ड (भलत्या यंत्राची राउटर ॲडव्हर्टाइजमेंट अडवणारी सोय) लावा. एखाद्या लॅपटॉपने चुकून इंटरनेट शेअरिंग चालू केलं तरी तो स्वतःला राउटर जाहीर करतो आणि अख्खा मजला त्याच्यामागे जातो. हे आयपीव्ही६ 'न लावलेल्या' नेटवर्कमध्येही होतं, कारण यंत्रांमध्ये ते आधीपासून चालू असतं. विंडोजवर ते उपटून टाकणं मायक्रोसॉफ्टला मान्य नाही. फारच नड असेल तर रजिस्ट्रीतल्या डिसेबल्डकंपोनंट्सची किंमत दशमान ३२ ठेवा, म्हणजे ४ ला पसंती मिळते आणि ६ जिवंत राहतं.

नॅट६४ चा दुभाषी तयार असेल तर डीएचसीपीचा पर्याय १०८ बघा, आरएफसी ८९२५. ज्या यंत्राला आयपीव्ही४ शिवाय चालतं ते आपणहून पत्ता सोडून देतं, बाकीची पूर्वीसारखी चालतात. एकाच वायफायवर, कोणालाही न दुखावता.


नवी_जोडणी

धाग्यातलं वाचून पीडी चालू केली, गुण १०/१०. पण दोन-तीन साइट अर्ध्यावर लटकतात. आयपीव्ही६ बंद केलं की लगेच उघडतात. जोडणी पीपीपीओई आहे. हे पाकीटमार म्हणाले तेच का?


पाकीटमार

तेच दिसतंय, पण मोजून बघा. इथरनेटवर १५०० बाइट मावतात, पीपीपीओई त्यातले ८ खातं, उरले १४९२. पिंगमध्ये आयपीव्ही६ चं डोकं ४० आणि आयसीएमपीचं ८, मिळून ४८ जातात. म्हणजे १४४४ बाइटांचं पिंग जायला हवं आणि १४५२ चं अडायला हवं. लिनक्सवर तुकडे न करण्याचा पर्याय लावून दोन्ही आकार, लटकणाऱ्या साइटकडेच, पाठवा. १४५२ ला 'पाकीट फार मोठं' असं उत्तर आलं तर तुमची बाजू धड आहे. दोन्ही आकारांना शांतता असेल तर समोरचा पिंगच अडवतोय, दुसरी साइट घ्या.

तुमच्या बाजूचं उत्तर आलं तरी पान लटकू शकतं, कारण मोठी पाकिटं येतात ती समोरून, आणि निरोप पोचायला हवा तो समोरच्याला. त्याचा फायरवॉल तुम्ही दुरुस्त करू शकत नाही. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (एका टीसीपी पाकिटात किती डेटा भरायचा याची मर्यादा) आयपीव्ही६ साठी वेगळं लावा: १४९२ वजा ६० (आयपीव्ही६ चं डोकं ४०, टीसीपीचं २०), म्हणजे १४३२. आयपीव्ही४ चा आकडा १४५२ असतो; पुष्कळ राउटरांत तोच दोन्हीकडे चिकटवलेला सापडतो.


नवी_जोडणी

१४४४ गेलं, १४५२ ला राउटरकडून निरोप आला. क्लॅम्प खरंच १४५२ होता. १४३२ केला, सगळ्या साइट उघडतायत. आता सेवादात्याला काय विचारू? प्रीफिक्स दर जोडणीला बदलतोय.


दुपदरी

'आयपीव्ही६ आहे का' असं विचारू नका. 'इंटरनेट चालू आहे ना, मग?' असं उत्तर येतं. लेखी विचारा: डीएचसीपीव्ही६-पीडीवरून किती लांबीचा प्रीफिक्स देता, तो स्थिर मिळेल का, बाहेरून येणारी जोडणी तुमच्या बाजूला अडवता का. तीन प्रश्न, तिन्हींची उत्तरं आकड्यात किंवा हो-नाहीत. पहिल्या फळीला कळलं नाही तरी तक्रार पुढे ढकलताना शब्द तेच राहतात.

तोवर घरातल्या प्रिंटर-स्टोरेजला एफडी ने सुरू होणारा खासगी गट जोडीला द्या, तो प्रीफिक्स बदलला तरी हलत नाही. त्याचे पुढचे ४० बिट यादृच्छिक घ्या, एफडी००::१ असलं गोंडस काही नको. उद्या दोन घरं व्हीपीएनने जोडलीत तर आदळतील. एक खोच आहे: त्याच नावाला आयपीव्ही४ नोंदही असेल तर पसंतीच्या नियमात आयपीव्ही४ वर येतं. आरएफसी ६७२४ च्या मूळ तक्त्यात त्याला ३५ गुण आणि एफडी गटाला ३. म्हणून प्रिंटर जुन्याच पत्त्यावरून बोलताना दिसला तर ते चुकीचं नाही.


हेक्सकाका

नवी_जोडणी, क्लॅम्प टीसीपीपुरताच असतो. यूडीपीवरचं व्हीपीएन किंवा मोठी डीएनएस उत्तरं त्याने सुटत नाहीत. राउटर ॲडव्हर्टाइजमेंटमध्ये एमटीयूचा (पाकिटाच्या कमाल आकाराचा) रकाना असतो, तिथे १४९२ भरा. वायफाय एकदा तोडून जोडा आणि १४५२ चं पिंग परत मारा. या वेळी नकार राउटरकडून न येता तुमच्या यंत्रातूनच आला पाहिजे.